वॉर्डात बोलता येतं का, ते आधी बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, माझ्या हातून काही धड होत नाही, मी या कामाची नाहीच बहुतेक." तुला नाईटला निघायचं होतं म्हणून तेव्हा विषय वाढवला नाही.

आधी एक सांग. तुमच्या वॉर्डात एखादीचा डोस चुकता चुकता राहिला, तर ती इन्चार्ज सिस्टरना सांगते की मैत्रिणीला जिन्यात गाठून? इतकी वर्षं वॉर्ड सांभाळल्यावर माझं मत असं, की नर्सचं निम्मं काम इथेच सुधारतं किंवा बिघडतं. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असं त्यांना वाटलं होतं. नोंदी तिथेच जास्त निघाल्या. कारण तिथे चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. जिथे चारचौघांत बोलणी खावी लागतात तिथे रजिस्टर कोरं राहतं, आणि वरचे खूश! मला मात्र कोरं रजिस्टर दिसलं की धडकी भरायची.

लक्ष लागत नाही म्हणतेस, पण ते लागू देतं कोण? सिरिंजमध्ये इन्सुलिन भरते आहेस, तेवढ्यात नातेवाईक सांगतात सलाईन संपलं, फोन वाजतो, डॉक्टर फाईल मागतात. परत सिरिंजकडे वळलीस की हात सवयीने पुढे जातो, पण किती युनिट ते डोक्यातून गेलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत (२०१० साली छापून आली) दर व्यत्ययामागे औषध देण्यातल्या चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. तेव्हा असं झालं की लेबल पुन्हा पहिल्यापासून वाच. ताटकळेना का कुणी.

एका खाटेवरचा पेशंट जातो आणि पाचव्या मिनिटाला शेजारच्या खाटेशी हसून बोलावं लागतं. हा शीण ड्यूटी लिस्टमध्ये कुठेच धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तीही आजार म्हणून नव्हे, कामातून येणारी अवस्था म्हणून. तिची लक्षणं तीन: गळून जाणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्याला काही जमत नाही असं वाटणं. तिसरं तू स्वतःच बोललीस. दुसरं ओळखायची माझी खूण अशी, की हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंट सोपवताना, पेशंटचं नाव जातं आणि नुसतं "सात नंबर" उरतं. तसं व्हायला लागलं तर लगेच फोन कर.

आणि सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. अमेरिकेत २००२ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, नर्समागे एकेक पेशंट वाढला की ती पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते असं आढळलं. ध्यानाचं शिबिर भरवायचं आणि वॉर्डात माणसं तेवढीच ठेवायची, याचा मला मनस्वी राग येतो. तू ध्यान जरूर कर, पण माणूस वाढवून मागायचं सोडू नकोस. तोंडी नको, लेखी माग, आणि एकटीने नको, चौघींच्या सह्या घे.

सलग नाईट लागल्या असतील तर बदलून घे. राजीनाम्याचं दोन रात्री नीट झोप झाल्यावर बोलू.

तुझी,
आई