संप मिटतो, भरती अडकते: उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पगारावरून विद्यापीठात संप झाला की संघटना चर्चेला बसतात, थकबाकीचे हप्ते ठरतात आणि बहिष्कार मागे घेतला जातो. ज्याला अजून नेमणूकच मिळालेली नाही, त्याला त्या बैठकीत खुर्ची नसते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर) शिकवणाऱ्यांचे संपकाळात नेमके कुठे नुकसान होते, ते आपल्यापुढे मांडायचे आहे. वर्कलोड (शिकवण्याच्या तासांचा हिशेब), बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची, याची नोंद) आणि नेमणुकांच्या मान्यतेचे प्रस्ताव हे आमचे रोजचे काम. संपाचा हक्क आम्हाला मान्य आहे, मागण्याही बहुतेक वेळा रास्त असतात.

2013 साली प्राध्यापकांचा परीक्षेच्या कामावरचा बहिष्कार फेब्रुवारीत सुरू झाला तो मे महिन्यापर्यंत चालला. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीबरोबर आणखी एक मागणी होती: 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेमलेल्या, नेट-सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांचा प्रश्न. म्हणजे वाद पगाराचा दिसला तरी त्याचे एक मूळ जुन्या भरतीत होते. आज जागा अर्धवट भरल्या, तर पुढचा संप आपण आजच पेरतो आहोत.

एक अनुदानित जागा भरायची तर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वर्कलोड तपासून घ्यावा लागतो. बिंदुनामावली आधी विद्यापीठाच्या कक्षातून आणि मग पुण्याला विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षातून तपासून आणायची. त्यानंतर संचालनालयाची ना-हरकत, जाहिरात, छाननी, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, आणि शेवटी पगाराच्या सेवार्थ प्रणालीत नाव. यातला प्रत्येक कागद शिक्षकेतर कर्मचाऱ्याच्या टेबलावरून जातो. 2023 च्या फेब्रुवारीत हे कर्मचारी संपावर गेले तेव्हा बातम्या परीक्षा पुढे गेल्याच्या झाल्या. नेमणुकांचे काम पाहणारा आस्थापना विभाग बंद पडला की भरतीही तिथेच थांबते, याची मात्र बातमी होत नाही. उशीर एवढ्यावर भागत नाही. मधल्या काळात आरक्षणाचा कायदा बदलला की बिंदुनामावली पुन्हा पहिल्यापासून. 2024 च्या एसईबीसी (मराठा आरक्षणाच्या) कायद्यानंतर हेच झाले.

प्राध्यापकांनी पेपर तपासणे थांबवले तर वेगळी अडचण येते. एम.ए., एम.एस्सी.चा शेवटचा निकाल लांबतो. पात्रता अर्जाच्या अंतिम तारखेला मोजतात. त्या दिवशी गुणपत्रक हातात नसेल तर उमेदवार छाननीतच बाद होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीत मुलाखतीला बोलावण्यासाठी जे गुण आहेत, त्यांत अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला 2, जास्तीत जास्त 10. वर्षापेक्षा कमी काळ असेल तर त्या प्रमाणात कपात. सीएचबीच्या अनुभव प्रमाणपत्रात 'दि. … पासून दि. … पर्यंत' अशा दोन रिकाम्या जागा असतात, आणि सगळे त्या तारखांवर ठरते. 10 महिन्यांचे 1.67 होतात, 7 महिन्यांचे 1.17. संपामुळे नेमणुकीचा आदेश तीन महिने लांबला की अर्धा गुण गेला. मुलाखतीच्या यादीत नाव येणे न येणे एवढ्यावर ठरू शकते.

पैशाचेही पाहा. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन महिन्याला 57,700 रुपये आणि अध्यापनाचा भार आठवड्याला 16 तास. सीएचबीवाल्याला 9 तासांची मर्यादा, म्हणून एक रिक्त जागा दोघांत वाटली जाते. 2023 च्या तासाला 900 रुपये दराने 16 तासांचे चार आठवड्यांचे होतात 57,600. मूळ वेतनाएवढीच रक्कम, पण दोन घरांत वाटलेली, त्यावर महागाई भत्ता नाही, सुट्टीचा पगार नाही. कॉलेज बंद तर तास नाही, तास नाही तर पैसे नाहीत. घेतलेल्या तासांचे बिलही कार्यालय उघडेपर्यंत पडून राहते.

आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट पुढेच आहे. हंगामी किंवा कंत्राटी सेवा पदोन्नतीसाठी धरायची, तर त्या काळातले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे, अशी यूजीसीच्या त्याच नियमावलीची अट आहे. आठवड्याला 9 तास घेऊन महिन्याला 32,400 मिळवणारा ही अट कधीच पूर्ण करू शकत नाही. म्हणजे पुढे कायम झाला तरी दहा वर्षांचे शिकवणे हिशेबातून गळते.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. सीएचबीचा आदेश सत्र सुरू झाल्याच्या तारखेपासून काढावा. संपाने कॉलेज बंद राहिले तर ते दिवस अनुभवातून वजा करू नयेत. ना-हरकत किंवा जाहिरात मुदतीची असेल तर संपाचे दिवस त्या मुदतीत मोजू नयेत. गुणपत्रक संपामुळे अडले असेल तर विद्यापीठाचे पत्र घेऊन अर्ज तात्पुरता स्वीकारावा. थकबाकी आणि नवीन पदे यांची तरतूद वेगवेगळी ठेवावी, म्हणजे एकाचे देणे भागवताना दुसऱ्याची जागा गोठणार नाही. आणि पुढच्या वाटाघाटीत बिंदुनामावली व मान्यतेचे टेबल संपातून वगळण्याचा विषय संघटनांपुढे आपण स्वतः मांडावा. त्या मान्य करतील, असे आम्हाला वाटते. रिक्त जागांचा भार त्यांच्याही सभासदांवर पडतो आहे.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही, एका परिपत्रकाने होतात. पुढचे सत्र सुरू होण्याआधी ते निघावे, ही विनंती.

आपले,
कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांत अध्यापन व आस्थापनेचे काम करणारे काही जण