अण्णांचा ताप

दादर, १८ जुलै

प्रिय संज्या,

अण्णांचा ताप अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी उतरतो आणि कोर्स संपला की पुन्हा चढतो, असं तू काल म्हणालास. पावसाळा आहे, मलेरिया-डेंग्यू बघितलंत ते बरोबरच. पण अण्णांसारख्या पेसमेकर असलेल्या माणसाला असा ताप आला, तर पेसमेकरलाच जंतुसंसर्ग असू शकतो. म्हणून तिसऱ्या कोर्सआधी रक्ताचं कल्चर हवं, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी. तीन वेगवेगळ्या ठिकाणी टोचून, दर खेपेला दोन बाटल्या, बाटलीत ८ ते १० मिली रक्त. आधीच्या गोळ्यांमुळे जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं, म्हणून गोळ्यांची नावं आणि तारखा डॉक्टरांना सांगच.

आज शर्ट काढून उजेडात बघ. कॉलरबोनखाली लाली, सूज, चकचकीत पातळ कातडी, आतल्या पेसमेकरच्या बॅटरीला चिकटलेली? असेल तर सुई घालून पाणी काढू देऊ नकोस; नसलेले जंतू आत जातात. मात्र वरून सगळं ठीक असूनही बॅटरीपासून हृदयात गेलेली वायर बाधित असू शकते. अण्णांना मधुमेह, त्यात गेल्या वर्षी बॅटरी बदललेली. दोन्हींनी धोका वाढतो.

गोळ्या पुरत नाहीत, कारण स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू वायरीवर थर धरतो. सोसायटीच्या टाकीतला बुळबुळीत थर नुसत्या क्लोरीननं जातो का? ही वायर हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून जाते. तिथे जंतूंच्या गाठी धरल्या की तुकडे सुटून फुप्फुसात जातात आणि एक्स-रेवर न्यूमोनिया वाटतो! छातीवरून केलेली इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आली तरी थांबू नकोस, अन्ननलिकेतून करतात ती करून घे.

संसर्ग ठरलाच तर बॅटरी आणि सगळ्या वायरी काढाव्या लागतात. 'फक्त बॅटरी बदलू' याला साफ नाही म्हण. जुन्या वायरी शिरेला आणि हृदयाला चिकटलेल्या असतात, लेझरच्या किंवा फिरत्या नळीनं सोडवतात. शीर किंवा हृदय फाटू शकतं, म्हणून हार्ट सर्जन हजर असेल तिथेच. झडपेलाही संसर्ग झाला असेल तर शिरेतून अँटिबायोटिक ४ ते ६ आठवडे. नवा पेसमेकर दुसऱ्या बाजूला, तोही वायरी काढल्यावरची कल्चर किमान ७२ तास कोरी राहिल्यावर. तोवर गरज पडली तर तात्पुरती वायर. नवा मुळात हवाच का, तेही विचार.

जाताना पेसमेकर कार्ड घे. वायरीचं मॉडेल आणि बसवल्याची तारीख त्यावरच असते, आणि वायर किती जुनी यावर काढणं किती अवघड ते ठरतं.

तुझा,
मध्या