मनूस, हिशेबाच्या वहीबद्दल

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या पुढच्या शिक्षणाच्या कर्जावरून माझा आवाज चढला. तू फोन ठेवलास, आणि तुझी आई रात्री जेवण वाढून मुकाट्याने ओट्यावर जाऊन बसली. म्हणून लिहायला घेतलं. हप्त्याचं काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

शिकू नको असं मी म्हटलेलं नाही. कृषी अर्थशास्त्र कुठून तुझ्या डोक्यात शिरलं ते मला ठाऊक आहे. २०२३ चा डिसेंबर. ८ तारखेला निर्यातबंदी लागू झाली, लिलाव बंद पडले आणि आपला लाल कांदा ट्रॉलीतच राहिला. तू सुट्टीला आलेली, स्कार्फ बांधून ट्रॉलीवर बसलेली. विचारलंस, "आण्णा, हे ठरवतं कोण?" मला सांगता आलं नाही. बंदी उठली मे महिन्यात, तीही टनामागे किमान ५५० डॉलर भावाची अट आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. तोवर आपला माल कधीच मातीमोल गेला होता.

मग पुढच्या वर्षी तू ती वही केलीस. बी, खत, फवारणी, मजुरी, खिशातून गेलेलं ते ए-टू. घरच्यांचे कष्ट धरले की अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. तू आईच्या निंदणीचे दिवस मोजलेस, ३०० रुपये रोजाने लिहिलेस आणि बेरीज तिला दाखवलीस. ती हसली नाही. हात पुसून तिने वही जवळ घेतली आणि तो आकडा बराच वेळ बघत राहिली. त्या दिवशी मला तुझा जो अभिमान वाटला, तो मी बोलून दाखवला नाही.

आता तीच वही तुझ्या डिग्रीला लाव. त्या खासगी विद्यापीठाची दोन वर्षांची फी ९ लाख, होस्टेल-मेस अडीच. हे झालं ए-टू. बियाणे कंपनीची २२ हजारांची नोकरी सोडतेस, तिचे दोन वर्षांचे ५ लाख २८ हजार कुठे धरलेस? (जेवण इथंही लागतंच, तेवढं वजा कर.) आणि १० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता १७ हजारांच्या आसपास. तिथून बाहेर पडलेल्या तुझ्या सिनियरला ३२ हजार मिळतात, हे तूच सांगितलंस. पुण्यात खोलीभाडं देऊन त्यातलं उरतं काय?

बघ, काढलाच हप्ता. आप्पांच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यांचं काय झालं ते तू पाहिलंयस, म्हणून तोंडातून निघतं.

राहुरीच्या सरकारी कृषी विद्यापीठातही हाच विषय आहे, फी त्या मानाने किरकोळ. परीक्षा देऊन ती जेआरएफ शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १२ हजारांच्या वर हातात येतात. यंदा थोडक्यात हुकली, एक वर्ष थांबून परत दे. वर्ष वाया जातं म्हणतेस, पण नोकरी करत अभ्यास केलास तर जातं का? कांदा नाही का आपण चाळीत ठेवत? पण तो सडतोही, हे मीच म्हणायचो. जाऊ दे, उपदेश पुरे. चौथीत पाढे चुकलीस तेव्हाही मी असाच मागे लागलो होतो, आणि तू मोरीत जाऊन रडली होतीस. तेव्हाचं माफ कर, कालचंही.

कदाचित तिथली माणसं, ओळखी यांना किंमत असेल, जी माझ्या वहीत बसत नाही. तू मला समजावून सांग. पण आकड्यांत सांग.

बँकेने जमीन तारण मागितली आहे. मळ्याचा सातबारा काढून कपाटात ठेवलाय, तुझ्या दहावीच्या मार्कशीटखाली. सही अजून केलेली नाही. हप्ता चुकला तर, असं रात्री मनात येतं, आणि मग झोप लागत नाही.

शनिवारच्या एसटीने ये. वही आण. आईने विचारलंय, तिचा रोज अजून ३०० नेच धरतेस का, कारण बायका आता ४०० घेतात.

तुझे,
आण्णा