दिवाडीच्या माणसांचे कागद दिवाडीवर आणण्यासाठी आवाहन

समस्त दिवाडीकर बंधुभगिनींनो आणि गोमंतकाच्या इतिहासाविषयी आस्था असणाऱ्या वाचकहो,

सप्रेम नमस्कार.

जुन्या गोव्यासमोर मांडवीच्या पात्रात वसलेल्या आमच्या बेटावर फेरीबोटीने यावे लागते. रायबंदरहून, जुन्या गोव्याहून किंवा डिचोलीकडच्या नार्वेहून येणारा पाहुणा पिएदादच्या टेकडीवरचे चर्च पाहतो, ऑगस्टमध्ये आला तर बोंदेराम या झेंड्यांच्या उत्सवाची गंमत अनुभवतो आणि संध्याकाळच्या फेरीने परत जातो. ज्या माणसाचे नाव श्रीलंकेतील कॅथलिक घराघरांत आजही आदराने घेतले जाते, तो याच बेटावर जन्मला आणि लॅटिन परंपरेतील पहिले भारतीय बिशप मानले जाणारे गृहस्थही इथलेच, हे सांगणारा साधा फलकदेखील पाहुण्याच्या वाटेवर पडत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पिएदाद, मळार आणि नार्वे येथील आम्ही काही हिंदू व ख्रिस्ती ग्रामस्थांनी एक समिती स्थापन केली असून, बेटावरील एका कुटुंबाने आपल्या जुन्या घराच्या दोन खोल्या या कामासाठी विनामोबदला देऊ केल्या आहेत. तेथे कायमस्वरूपी प्रदर्शन आणि छोटे वाचनालय उभे करण्याचा आमचा संकल्प आहे व त्यासाठी आपले साहाय्य मागण्याकरिता हे पत्र लिहीत आहोत.

या कामातली मुख्य अडचण पैशांची नाही, ती आधी सांगतो. दिवाडीची जी माणसे नावाजली, ती बहुतेक सगळी बेट सोडल्यावर नावाजली. काहींना सोडणे भाग पडले, काही स्वतःहून गेली. त्यामुळे त्यांची पत्रे, ग्रंथ आणि दफ्तरे रोम, लिस्बन आणि श्रीलंका अशी विखुरली आहेत, आणि त्यांच्या जन्मगावी दाखवण्यासारखे काहीही उरलेले नाही.

मातेउश द कास्त्रो यांचेच उदाहरण घ्यावे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा जन्म नावेलीत झाला. ही नावेली दक्षिण गोव्याच्या साष्टीतील नव्हे, आमच्या दिवाडीची, हे मुद्दाम सांगावे लागते. बाटलेल्या ब्राह्मण कुटुंबातील हा हुशार मुलगा बार्देशात रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पाद्रींकडे शिकला. पण स्थानिक माणसाला पाद्रीपदाची दीक्षा देण्यास गोव्याच्या आर्चबिशपांनी नकार दिला. तेव्हा हा तरुण खुश्कीच्या मार्गाने पश्चिमेकडे निघाला आणि १६२५ मध्ये रोमला पोहोचला. त्या काळी पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा ‘पाद्रोआदो’ हा हक्क चाले, तर १६२२ मध्ये रोमने स्थापन केलेल्या धर्मप्रसार मंडळाला तो हक्क खुपत होता आणि स्थानिक पाद्री तयार व्हावेत असे वाटत होते. या मंडळाने मातेउश यांना शिकवले, दीक्षा दिली आणि गोव्यात परत पाठवले. गोव्यातील अधिकाऱ्यांनी मात्र त्यांची कागदपत्रे मान्य केली नाहीत. ते पुन्हा रोमला गेले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन, आदिलशाही मुलखाचे धर्मप्रमुख म्हणून परतले.

पोर्तुगीज हद्दीत थारा नसल्यामुळे त्यांनी आपले ठाणे डिचोलीत, म्हणजे दिवाडीच्या उत्तरेला नदीपलीकडे, विजापूरच्या अमलाखाली मांडले. तेथून १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती समाजाला उद्देशून ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावाने ओळखले जाणारे खरमरीत पत्र लिहिले आणि पोर्तुगीज पाद्री व अधिकाऱ्यांच्या वागणुकीवर कोरडे ओढले. विजापूरकर आणि डच यांच्याशी संधान बांधून पोर्तुगीजांना हुसकावण्याचा कट त्यांनी केला, असा आरोप त्यांच्यावर झाला. अखेरची वर्षे त्यांनी रोममध्ये काढली आणि तेथेच त्यांचे निधन झाले. कोणी त्यांना स्वातंत्र्याचा पहिला पुकारा करणारे म्हणतात, कोणी महत्त्वाकांक्षी आणि भांडखोर म्हणतात. आमच्या मते दोन्हींत तथ्य आहे. त्यांचा राग खरा होता आणि त्यांचा जातीचा अभिमानही तितकाच खरा होता. त्यांनी हाक घातली ती साऱ्या गोवेकरांना नव्हे, आपल्याच जातीला. प्रदर्शनात हे दोन्ही लिहिले जाईल, कारण आम्हांला पुतळा उभारायचा नसून माणूस समजून घ्यायचा आहे. त्यांचे पुतणे बिशप तोमास द कास्त्रो हेही दिवाडीचेच. मंगळूरचे मिलाग्रेस चर्च १६८० मध्ये त्यांनी स्थापन केले, एवढा उल्लेख येथे पुरे.

दुसरे थोर नाव जाकोम गोन्साल्विस यांचे. त्यांचा जन्म ८ जून १६७६ रोजी दिवाडीत झाला, मातृभाषा कोकणी. जुन्या गोव्यात गोमंतकीय पाद्रींनी चालवलेल्या ओरेटरी संघात ते दाखल झाले आणि १७०५ मध्ये श्रीलंकेला गेले. तेथील किनारपट्टी डचांच्या ताब्यात होती आणि डचांनी कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती. गोव्याचेच फादर जोझे वाझ, ज्यांना २०१५ मध्ये संतपद मिळाले, ते १६८७ पासून तेथे लपतछपत काम करत होते आणि कँडीच्या बौद्ध राजाने त्यांना आश्रय दिला होता. गोन्साल्विस यांनी कँडीत राहून सिंहली भाषा इतकी आत्मसात केली की, गद्य, पद्य, वादग्रंथ, शब्दकोश असे विविध लेखन त्यांनी त्या भाषेत केले. ‘देव वेद पुराणय’ हा त्यांचा ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहे. तमिळमध्येही त्यांनी लिहिले आणि येशूच्या यातनांवरील त्यांची तमिळ प्रवचने उपवासकाळात वाचली जात. १७ जुलै १७४२ रोजी बोलावत्ता येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांची समाधी तेथेच आहे. सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून श्रीलंका त्यांना ओळखते; दिवाडीच्या शाळेतील मुलाला मात्र त्यांचे नाव विचारून पाहावे!

पाद्रींच्याही आधी येथून देव गेले, आणि देवांबरोबर घराणी गेली. कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीवरील नार्वेचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मंदिर पाडल्यावर भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीतील नार्वेला नेले, आणि शके १५९० मध्ये, म्हणजे इ. स. १६६८ च्या नोव्हेंबरात, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथील देवालयाचे काम सुरू झाले. तसा शिलालेख तेथे आहे. खांडोळ्याचा महागणपतीही दिवाडीचाच. पिएदादच्या दफनभूमीतील लहान चॅपेलच्या छतात कदंबकालीन कोरीव अवशेष अजून पाहता येतात. या देवस्थानांशी नाते सांगणारी अनेक घराणी आज महाराष्ट्रात आणि कर्नाटकात आहेत. त्यांच्या घरी जपलेली वंशावळ, देवस्थानाचा जुना पत्रव्यवहार किंवा स्थलांतराची ऐकीव हकीकत आमच्या दृष्टीने बिशपांच्या पत्रांइतकीच मोलाची आहे.

आता आमची मागणी. सर्वांत निकड आहे ती भाषा जाणणाऱ्यांची. सतराव्या शतकातील पोर्तुगीज, इटालियन आणि लॅटिन हस्ताक्षर वाचू शकणारे, तसेच सिंहली व तमिळ जाणणारे अभ्यासक यांनी वर्षातून थोडा वेळ जरी दिला, तरी आमचे अडलेले काम पुढे सरकेल. रोम, लिस्बन किंवा कोलंबो येथे राहणाऱ्या अथवा शिक्षणासाठी जाणाऱ्या गोमंतकीयांनी तेथील संग्रहालये व ग्रंथालयांतून रीतसर परवानगीने प्रती मिळवून द्याव्यात. मुंबईत धोबीतलाव परिसरातील कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या गाववार वसतिगृहांमध्ये, दिवाडीच्या दर्यावर्दींची जुनी नोंदपुस्तके, छायाचित्रे किंवा पत्रे शिल्लक असल्यास कृपया ती रद्दीत जाण्यापूर्वी आम्हांला कळवावे. या बेटाची प्रसिद्धी न पावलेली माणसेही प्रदर्शनात असावीत, अशी आमची इच्छा आहे: बोटीवर आयुष्य काढलेले खलाशी, खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतील शेतीचे, बांध सांभाळणारे शेतकरी आणि शाळामास्तर.

मूळ कागद मात्र कोणीही पाठवू नयेत. पावसाळ्यातील दमट हवेत जुना कागद टिकवण्याची सोय आमच्याकडे नाही, आणि ती आहे असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्पष्ट छायाचित्र किंवा स्कॅन केलेली प्रत पुरेशी आहे. ज्यांना ते जमत नसेल त्यांच्या घरी आमचे स्वयंसेवक येऊन, कागद घराबाहेर न नेता, प्रत करून घेतील.

आर्थिक मदत लागेल ती खोल्यांची कौले व वासे दुरुस्त करण्यासाठी, फलकांच्या छपाईसाठी, परदेशी संस्थांकडून प्रती मिळवण्याच्या शुल्कासाठी आणि कपाटांसाठी. फलक कोकणी, मराठी आणि इंग्रजीत असतील. गोन्साल्विस यांच्या दालनात सिंहली मजकूरही असावा असा प्रयत्न आहे. एखाद्या कुटुंबाने, कुडाने किंवा मंडळाने एका फलकाचा खर्च उचलल्यास हिशेब ठेवणे सोपे जाईल. तथापि त्याबद्दल देणगीदाराचे नाव फलकावर घातले जाणार नाही, ते दाराशी एकाच यादीत रकमेचा उल्लेख न करता लिहिले जाईल. देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फतच स्वीकारली जाईल, प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमाखर्च दरवर्षी ग्रामस्थांच्या सभेत वाचला जाईल. सविस्तर अंदाजपत्रक मागणाऱ्या प्रत्येकास पाठवले जाईल. कोणत्याही राजकीय पक्षाचा निधी घ्यायचा नाही, असे समितीने एकमताने ठरवले आहे.

कौलांचे काम मिरगापूर्वी उरकायचे असल्याने देणग्या शिमग्यापर्यंत आल्यास सोयीचे होईल. प्रती, माहिती आणि अनुवादाची मदत मात्र वर्षभरात केव्हाही पाठवावी. समितीचे सदस्य रविवारी सकाळी या खोल्यांतच असतात आणि फेरीच्या धक्क्यावर विचारल्यास कोणीही वाट दाखवील.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य, दिवाडी