डायपर कोणाच्या सोयीसाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

म्हाताऱ्या माणसांसाठी घरी ब्युरोची, म्हणजे सेवेला बायका पुरवणाऱ्या एजन्सीची, बाई ठेवायची म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात, रेट काय आणि हाताची स्वच्छ आहे ना, म्हणजे चोरीबिरी करणार नाही ना. ती काम कसं करते हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

माझी आई 81 वर्षांची. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि चौथ्या दिवशी ती हॉस्पिटलमध्येच वॉकर धरून चार पावलं चाललीसुद्धा. घरी आम्ही दोघं नोकरीवाले, त्यामुळे एका ब्युरोकडून 12 तासांची बाई घेतली. बाई वाईट नव्हती हं, हे आधीच सांगते. पण आल्या आल्या तिने डायपर आणायला सांगितले, का तर आजी बाथरूमला जाताना पडल्या तर माझ्यावर येईल, आणि खोटं कशाला बोलू, आम्हालाही ते बरंच वाटलं, ऑफिसमध्ये बसून टेन्शन नको. ती आईला भरवायची, स्पंजिंग करायची, वेणी घालायची, आम्ही संध्याकाळी येऊन बघावं तर आई पावडर लावून पलंगावर टीव्हीसमोर, सगळं चकाचक. बाई चांगली मिळालीये असं मी सोसायटीत चार जणींना सांगितलं.

सहा आठवड्यांनी फॉलोअपला गेलो तर आईला खुर्चीतून उठता येईना. डॉक्टर म्हणाले हाड मस्त जुळतंय पण मांडीत ताकदच राहिली नाहीये, या वयात नुसतं पडून राहिलं की स्नायू भराभर झिजतात. म्हणजे आम्ही पैसे देऊन आईचं चालणं घालवलं. त्याहून वाईट म्हणजे तिने काही मागणंच सोडलं होतं, पाणी हवं का विचारलं तरी "तुम्ही द्याल तेव्हा" म्हणायची. माझी आई, जिने आयुष्यभर भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडण केलं!

मग ओळखीतून दुसऱ्या मावशी आल्या. त्यांनी पहिलं आईलाच विचारलं, "आजी, तुमचं तुम्हाला काय काय जमतं?" हे आम्हीही कधी विचारलं नव्हतं. फिजिओथेरपिस्टकडून त्यांनी नीट शिकून घेतलं, आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय, आणि बखोटीला धरून ओढायचं नाही. दर दोन तासांनी कमोडपर्यंत चालवत न्यायचं, डायपर फक्त रात्री, मग तोही सुटला. आंघोळीला पाण्याचा मग आईच्या हातात, पाठ तेवढी मावशी चोळणार. मेथी निवडायला द्यायच्या, अर्धी जुडी निवडायला तास लागायचा आणि निम्मे देठ भाजीत यायचे, खाल्ले आम्ही. ब्लाऊजची हुकं लावताना आई वैतागायची, मी मध्ये पडायला गेले की मावशी डोळ्यांनीच दटावायच्या. आता आई गॅलरीपर्यंत एकटी जाते आणि भाजीवाल्याला वरूनच ओरडते.

पण हे आमचं नशीब झालं. मावशींना हे कोणी शिकवलं नव्हतं, स्वतःच्या सासूचं करता करता त्या शिकल्या. पहिल्या बाईला ट्रेनिंग काय, तर बीपी मोजायचं आणि डायपर बदलायचं, बास. त्यात आम्ही भरलेल्या पैशातून ब्युरो कमिशन कापणार, आठवड्याची सुट्टी नाही, बदली बाई मिळत नाही, आणि घराघरात (आमच्याही, लाज वाटते सांगायला) तिच्या चहाचा कप वेगळा. तिने मायेने करावं ही अपेक्षा मात्र पूर्ण.

सरकारकडे बघावं तर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान भारत योजनेचं 5 लाखांचं कव्हर आहे, पण ते हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 च्या वरच्या गरजूंना एकदाच 3000 रुपये मिळतात, वॉकर येईल त्यात, तो धरून चालायला शिकवणारं माणूस कुठून येणार? डिसेंबर 2019 मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं होतं, घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा, दोन्ही त्यात होतं. ते पास झालंच नाही. आज कोणीही एक मोबाईल आणि दहा बायकांचे नंबर घेऊन ब्युरो उघडू शकतो.

विधेयक येईल तेव्हा येईल. ब्युरोच्या फॉर्मवर वजन, आजार, डायपर आहे का नाही एवढंच विचारतात, तिथे पेशंटला स्वतःचं काय करता येतं आणि काय करायचंय असा एक रकाना टाकायला कायदा लागत नाही. आपल्या पेपरने शहरातल्या दहा-बारा ब्युरोंना फोन करून एवढं जरी विचारलं, तरी काय उत्तरं येतात ते मला वाचायचंय.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे