तळघरातली पांढरी मुळी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी बोलता बोलता चिमी फोन घेऊन जिन्यावरून खाली पळाली आणि तळघरातला तो पांढरा उजेड तुम्हाला दिसला. आई, तू लगेच विचारलंस, "खाली एवढा लाईट कशाला जळतोय गं?" मी म्हटलं, "अगं, भाजी लावलीय," आणि विषय बदलला. बाबा काहीच बोलले नाहीत. नंतर द्राक्षाचा भाव विचारला तर "बरा आहे" एवढंच म्हणाले. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला पान दिसलं. ते पान ओळखायला बाबांना दुसऱ्यांदा बघावं लागत नाही.

चार रात्री नीट झोप नाही. तुमच्याशी खोटं बोलले ते घशात अडकून राहिलंय. फोनवर सांगायला गेले तर रडू येईल आणि निम्मं राहून जाईल, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

मी घरात गांजा लावला आहे. औषधासाठी, माझ्या स्वतःच्या, या एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार) त्रासासाठी. डॉक्टरांनी लिहून दिलंय, सरकारकडे माझ्या नावाची नोंद आहे आणि तो कागद तळघराच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. इथे कॅनडात रुग्णांना ही परवानगी २००१ पासून आहे. सगळ्यांसाठीचा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला, पण मी त्या सर्वसाधारण सवलतीत नाही, रुग्ण म्हणून वेगळ्या नोंदणीत आहे. डॉक्टर दिवसाची मात्रा लिहितात, त्यावरून झाडं किती ते ठरतं. मला दिवसाला १ ग्रॅम लिहून दिलंय, म्हणजे घरात ५ झाडं. मी ३ च लावते. नोंदणीची मुदत संपत आली की पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन नवा कागद घ्यायचा. लपूनछपून काही नाही. लपवलं ते फक्त तुमच्यापासून.

आई, दोन वर्षांपूर्वी तू आली होतीस तेव्हा रात्री २ वाजता उठून माझ्या पोटऱ्या चोळायचीस, आठवतं ना? लहानपणी परीक्षेच्या दिवसांत वाटीत तेल कोमट करून चोळायचीस, अगदी तशीच. तू परत गेलीस आणि ते गोळे वाढत गेले. पाय लाकडासारखे ताठ होतात, टाच खाली टेकत नाही. चिमी शाळेतून येते तेव्हा दार उघडायला मला भिंत धरत यावं लागायचं. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू तिकीट काढून निघाली असतीस. बॅक्लोफेनची गोळी वाढवली की पाय सैल पडायचे, पण दिवसभर गुंगी. चिमी गोष्ट वाचून दाखवत असायची आणि मी मध्येच पेंगायचे. ते मला सहन होईना.

ती गोळी मी बंद केलेली नाही. एकदम बंद करायची नसतेच. दर ६ महिन्यांनी सलाईनमधून देतात ते औषधही चालू आहे, खरं औषध तेच आहे. गांजाने माझा आजार बरा होणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे आणि तुम्हीही तशी आशा धरू नका. पायांचा ताठरपणा आणि रात्रीची कळ, एवढ्यापुरताच तो आहे. या आजारातल्या दुखण्यासाठी गांजाच्या अर्कापासून केलेला तोंडात मारायचा फवारा इथे २००५ मध्येच मंजूर झालाय, म्हणजे हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे. रात्री जेवणानंतर मी तेलाचे थेंब घेते. परिणाम व्हायला दीड-दोन तास लागतात, मग पोटरी सुटते. आता सलग ५-६ तास झोपते मी, आई.

आता नानांचं. बाबा, मी त्यांचं नाव लिहितेय, रागावू नका. माळ्यावरची ती पिशवी मी विसरलेले नाही. पंढरपूरहून आलेला फोनही नाही. तुम्ही मागच्या ओट्यावर पाठ करून बसला होतात आणि आजी तुम्हाला हाक मारत होती, तेव्हा मी ९ वर्षांची होते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, घरात कुणाला मनाचा आजार होता का? मी सगळं सांगितलं. भास व्हायचे तेही सांगितलं. आपल्या घरातून कुणी डॉक्टरला ते इतकं सरळ सांगण्याची ती पहिलीच वेळ असेल. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला अर्धा तास समजावलं. ज्या घरात असा त्रास होऊन गेलाय तिथे गांजातला टीएचसी हा घटक जपूनच वापरावा लागतो, त्याने डोकं बिघडायचा धोका वाढतो. म्हणून मला टीएचसी आणि नशा न आणणारा सीबीडी हा दुसरा घटक सारख्याच प्रमाणात असलेला वाणच दिलाय, सुरुवात अगदी थोड्या थेंबांनी केली, आणि पहिले तीन महिने दर महिन्याला बोलावून तपासलं. तुमच्या जावयांनाही समोर बसवून सांगितलं की हिच्या बोलण्यात, झोपेत, संशयात काही फरक दिसला तर त्याच दिवशी बंद करून फोन करायचा. ते वहीत रोज लिहितात. तुम्ही आलात की ती वही तुम्हाला देईन.

मी ओढत नाही. चिलीम नाही, सिगारेट नाही. घरात धूर होत नाही.

मग विकतचं तेल का नाही घेत, असं तुम्ही विचारालच. वर्षभर तेच घेतलं. महिन्याला अडीचशे डॉलरच्या आसपास जायचे आणि विम्यातून एक पैसा मिळत नव्हता. माझी नोकरी अर्ध्या वेळेची झाल्यापासून ते जड जायला लागलं. शिवाय माझ्या वाणाचं तेल मध्येच महिनाभर संपलेलं असायचं. आणि खरं सांगू का बाबा, आपल्या हाताने काहीतरी वाढवावं असं आतून वाटत होतं. आजाराने एकेक गोष्ट हातातून काढून घेतली. झाड लावणं अजून जमतं.

मातीच्या गोण्या मला उचलवत नाहीत, म्हणून पाण्यावर लावलंय. २० लिटरच्या काळ्या बादल्या आहेत, झाकणात जाळीची कुंडी, तिच्यात भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि खाली खताचं पाणी. फिशटँकमध्ये बुडबुडे सोडायचा दगड असतो तसा एकेक दगड प्रत्येक बादलीत चोवीस तास चालू असतो. मुळं पाण्यात बुडालेली असली तरी त्यांना हवा मिळते. पाणी नळीने भरते आणि नळीनेच काढते, त्यामुळे उचलायचं काही नाही. तुमच्या ड्रिपच्या टाकीवर बसून मी खत ओढणाऱ्या व्हेंचुरीचा आवाज ऐकायचे, तुम्ही कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत कालवायचात आणि मला बजावायचात, "दुसऱ्या खतात मिसळू नकोस, गाळ बसतो." तेच वाक्य मी तुमच्या जावयांना ऐकवते.

इथलं नळाचं पाणी आपल्या विहिरीसारखंच क्षारांचं आहे. आमच्या या किचनर शहराच्या सगळ्या पट्ट्यात पाणी बरंचसं जमिनीतलंच, म्हणून घराघरात पाणी मऊ करायचं यंत्र बसवतात. त्यात मीठ घालतात, आणि ते पाणी मी पहिल्यांदा तसंच बादलीत भरलं. पानांच्या कडा करपल्या. तुम्हाला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतंत, सोडियम. पण विचारणार कशी? आता आरओचं पाणी घेते, त्यात खत घालून ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) ०.८ पासून हळूहळू वर नेते आणि पीएच ५.८ च्या आसपास ठेवते. पहिल्या उन्हाळ्यात दोन झाडं गेली ती मात्र माझ्याच हलगर्जीपणाने. पाण्याचं तापमान २६ वर गेलं, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली, नालीसारखा वास यायला लागला. आता पाणी २० च्या वर जाऊ देत नाही.

रविवारच्या आधी एका सकाळी झाकण उचललं. मुळं बादलीच्या तळापर्यंत उतरली होती, पांढरीशुभ्र, तांदळाच्या शेवयांसारखी, टोकाला बारीक लव. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. छाटणीनंतर तुम्ही वेलीखालच्या बोदाची माती बोटांनी उकरून म्हणायचात, "पांढरी मुळी चालली बघ, आता काळजी नाही." ते शब्द माझ्या तोंडून आपोआप आले आणि ऐकायला कुणी नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं होतं की तुम्हाला सांगायचं. तरी रविवारी मी खोटं बोललेच.

झाड शेवंतीच्या जातीचं समजा, जात म्हणजे स्वभावाने. रात्र मोठी झाली की फुलावर येतं. म्हणून आधी १८ तास दिवा आणि मग १२ तास दिवा, १२ तास मिट्ट काळोख. काळोखात मध्ये जराही उजेड पडू द्यायचा नाही. फुलायला लागल्यापासून ८-९ आठवड्यांनी काढणी. भुरी इथेही येते आणि फुलात आतून बुरशीही धरते. माझ्या औषधाने प्रतिकारशक्ती कमी झालेली, त्यामुळे बुरशीचा कणही मला चालत नाही. मागच्या वेळी एका फुलात करडा ठिपका दिसला तर अख्खी फांदी टाकून दिली. पंखा सतत चालू असतो. वाळवलेलं मंद आचेवर तापवून खोबरेल तेलात उतरवते. तेलाचा जोर दर वेळी सारखा नसतो, म्हणून नवी बाटली काढली की निम्म्या थेंबांपासून सुरू करते. तेल घेतल्यावर गाडीला हात लावत नाही.

चिमीची काळजी तुम्हाला वाटणारच. झाडं ज्या कापडी तंबूत आहेत त्याला कुलूप आहे, तेलाची बाटली कुलुपाच्या पेटीत वरच्या फळीवर आहे. गोळ्या, चॉकलेट, बिस्किटं असलं काही मी त्याचं करत नाही, करणारही नाही. कायदा आल्यापासून इथे लहान मुलांनी खाऊ समजून असलं खाल्ल्याचे प्रकार वाढलेत. रविवारी दार उघडं राहिलं होतं ते मी दिवा तपासायला गेले होते म्हणून. ती चूक माझी. आता दाराला वर कडी बसवलीय.

एक गोष्ट सांगायला जीव जड होतोय. खालची ती खोली तुमच्यासाठी करायची असं मी कबूल केलं होतं. बाबांनी त्यासाठी भिंतीचा रंगही सांगितला होता. तिथेच तंबू आहे. पण तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. तळमजल्यावरची लिहायची खोली रिकामी केलीय, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. आईला जिना चढावा लागणार नाही, बाथरूम शेजारीच आहे आणि त्यात माझ्यासाठी बसवलेला धरायचा दांडा आहे, तो तुझ्या गुडघ्यांनाही कामी येईल. कोनाड्यात देव मांडलेत. चपातीचं पीठ चांगलं मिळतं, गवती चहा कुंडीत लावलाय. वर वास अजिबात येत नाही. हवा कोळशाच्या गाळणीतून बाहेर जाते. तरी खालचं दार बघायचं नसेल तर बघू नका. मी काही म्हणणार नाही.

आता माझं ऐका. बाबा, व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतरची रक्त पातळ राहण्याची गोळी आणि रक्त किती पातळ आहे ते बघायची दर महिन्याची आयएनआर तपासणी चुकवायची नाही. दादा म्हणाला, मागचा महिना राहिला. हंगाम आहे म्हणून काय झालं? आणि पेपरात वाचून किंवा कुणी म्हणालं म्हणून आईच्या गुडघ्यांसाठी 'विजया'चं, म्हणजे गांजाचंच, तेल आणायचं नाही. यातला सीबीडी तुमच्या गोळीत ढवळाढवळ करतो, रक्त जास्त पातळ होतं. घरात नकोच ते. मला चालतं म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. निफाडला पारा उतरलाय असं वाचलं. बागेत शेकोट्या पेटवायला पहाटे ३ ला स्वतः जाऊ नका, गड्याला पाठवा. जायचंच असेल तर कानटोपी घालून. आई, बी-१२ ची इंजेक्शनं पूर्ण कर, आणि बाबांच्या डब्यातला लोणच्याचा खार कमी कर.

येताना कुठलंही बी आणू नका, परत जाताना इथलं काही न्यायचं नाही, थेंबभर तेलसुद्धा नाही. इथून बाहेर नेणं गुन्हा आहे आणि आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने झाड लावणंही. आत्याला मी स्वतः सांगेन, तोवर तुम्ही कुणाशी बोलू नका. लाज वाटते म्हणून नाही. नानांचा विषय निघेल आणि बाबांना त्रास होईल म्हणून.

बाबा, तुम्ही चिडला असाल तर चिडा, पण फोनवर गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात की मी पुन्हा ९ वर्षांची होते.

खरड छाटणी उरकली की मे महिन्यात निघा. विमानतळावर आईसाठी व्हीलचेअर सांगितली आहे, नको म्हणू नकोस. आणि बाबा, पानामागची कोळी बघायचं तुमचं ते पितळी भिंग आणा. काढणी कधी करायची ते फुलावरच्या राळेच्या बारीक थेंबांवरून ठरतं, काचेसारखे असतात तेव्हा कच्चं, दुधाळ झाले की तयार. माझे हात थरथरतात, भिंग स्थिर धरता येत नाही. तुम्ही बघून सांगा.

तुमची,
बाळी