असईचा हत्ती आणि रात्रपाळीचे काका

प्रिय काका,

निघायच्या दिवशी तुमच्यासाठी रिसेप्शनवर एक कार्ड ठेवलं होतं. चार ओळींचं, इंग्रजीत, त्यात ‘थँक यू’ दोनदा. गाडीत बसल्या बसल्याच वाटलं, हे काही खरं नाही. म्हणून हे दुसरं पत्र, मराठीत आणि सगळ्यांसमोर. मुलगा इंग्रजी करून पाठवेल. तुमचं नाव घालत नाही. फोटो काढायला गेले तर तुम्ही खांबाआड सरकलात, तेव्हा नाव तर नकोच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. अण्णांना यंदा ७५ पूर्ण झाली. भोकरदन तालुक्यात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला त्यांनी. मी इंग्लंडात राहते, ते पहिल्यांदाच आले होते, म्हणून हौसेनं स्कॉटलंडात, इन्व्हरनेसजवळच्या तुमच्या कलोडन हाऊस हॉटेलात तीन रात्री घेतल्या. भाडं किती ते अण्णांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. भिंतीवर चढलेल्या वेली, छताला गिलाव्याची नाजूक नक्षी, पुढं हिरवंगार आवार. अण्णांनी सगळ्याला ‘छान आहे’ म्हटलं आणि पलंगाच्या कडेवर अवघडून बसले, पाहुण्याच्या घरी बसावं तसे.

पहिल्याच दिवशी कलोडनचं रणांगण बघून आलो होतो. १६ एप्रिल १७४६ ची लढाई. हायलँडर्सना, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या कुळांना, घेऊन ब्रिटिश गादीसाठी उठलेला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट त्याआधी उतरला होता तो इथंच, या जागेवरच्या जुन्या घरात; घराचा मालक डंकन फोर्ब्स मात्र सरकारच्या बाजूचा. (आत्ताची इमारत त्याच शतकाच्या अखेरची.) आदल्या रात्री चार्ल्सचं सैन्य नेअर्नच्या सरकारी तळावर छापा घालायला अंधारात चालत निघालं, वाटेतच पहाट व्हायला आली, तसंच माघारी फिरलं. पोटात आदल्या दिवशीचं एकेक बिस्कीट. कितीतरी जण या आवारातच झोपून गेले आणि दुपारी तासाभरात सगळं आटोपलं, चार्ल्स हरला. अण्णा वाचता वाचता म्हणाले, “उपाशीच लढले गं हेही.” पानिपत शिकवताना त्यांचा आवाज जसा व्हायचा, अगदी तसाच झाला. पुढं कुळांच्या नावाचे दगड आहेत, त्यात एकावर कुठल्याच कुळाचं नाव नाही, नुसतं ‘मिश्र कुळं’. तिथं ते बराच वेळ थांबले. “हा रुपये-खुर्दा. गणती नाही.” मग दिवसभर गप्प.

आणि रात्री मला जाग आली तर त्यांचा पलंग रिकामा.

जून महिना, तुमच्याकडं रात्र अशी होतच नाही. साडेतीनला खिडकीत उजाडल्यासारखं दिसलं आणि अण्णा चाळीस वर्षांच्या सवयीनं उठले. अनोळखी जिना, गुडघा दुखरा, इंग्रजी पुस्तकी. मी अनवाणी खाली पळाले. दिवाणखान्याचं दार अर्धं उघडं होतं. आत तुम्ही दोघं समोरासमोर. अण्णांच्या अंगावर पायजमा, स्वेटर आणि वरून कुणाचा तरी ट्वीडचा कोट. तुमचाच होता तो, नंतर कळलं.

टेबलावर लोण्याच्या दोन सुऱ्या टोकाला टोक लावून ठेवलेल्या. आमच्याकडच्या असईच्या लढाईतल्या नद्या: एक केळणा, एक जुई. मधल्या बेचक्यात साखरेचे खडे ओळीनं मांडलेले: शिंद्यांचं कवायती पायदळ. शॉर्टब्रेडचा डबा म्हणजे असईची गढी. बिस्किटं म्हणजे इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज. अण्णा पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीत सांगत होते की वाटाड्यांनी नदी ओलांडायला उतार नाही म्हणून सांगितलं, पण वेलस्लीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इकडं पिंपळगाव, पलीकडं वरूड. “समोरासमोर गावं आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार, म्हणजे नदीला उतार असणारच. हे तर आमच्या म्हशीलाही कळतं!” शेवटचं वाक्य मराठीत आलं. तुम्ही तरीही हसलात. मग त्यांनी एक बिस्कीट डब्याच्या फार जवळ सरकवलं, क्षणभर बघितलं आणि खाऊन टाकलं. वेलस्लीची ७४ वी पलटण. तिचा जवळजवळ एकही अधिकारी धड उरला नव्हता.

मी काही बोलणार तोच तुम्ही उठून आत गेलात आणि मूठ उघडत परत आलात. तळहातावर बोटाच्या पेराएवढा धातूचा हत्ती, वर ‘असई’ अशी अक्षरं.

तुम्ही क्वीन्स ओन हायलँडर्समध्ये नोकरी केलेली. ती पलटण १९६१ साली सीफोर्थ आणि कॅमेरन या दोन पलटणी एकत्र करून झाली, आणि सीफोर्थांचं एक मूळ ७८ वी हायलँडर्स, जी २३ सप्टेंबर १८०३ ला केळणेच्या काठानं चालून आली होती. हा हत्ती त्या दिवसाचा मान. तुम्ही म्हणालात, कितीतरी वर्षं कॉलरवर लावला, दर सप्टेंबरात हे नाव ऐकलं, पण तिथली नदी कुठं, गाव कसलं, कधी कुणी सांगितलं नाही. तुम्ही ‘असाय’ म्हणत होतात. अण्णांनी दोनदा दुरुस्त केलं, विद्यार्थ्याला करावं तसं. तिसऱ्यांदा तुम्ही बरोबर म्हणालात आणि अण्णांनी चहा बशीत ओतला. त्या घरात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी फोर्ट जॉर्जला न्यायला ठरवलेली टॅक्सी आलीच नाही, फोनही लागेना. तुमची पाळी कधीच संपली होती. खडीवर उभ्या आम्हा दोघांकडं बघितलंत आणि तुमची छोटी गाडी वळवून आणलीत. रात्रभर जागा माणूस! पुढच्या सीटवरून आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र आणि कुत्र्याचा पट्टा उचललात, अण्णांना बसवलंत. किल्ल्यात तुम्ही त्यांच्या गुडघ्याच्या चालीनं चाललात, पुढं गेला नाहीत की हात धरला नाहीत. दुसरं जास्त अवघड, मला माहीत आहे.

तिथल्या तुमच्या पलटणीच्या संग्रहालयात अण्णा खूप वेळ हत्तीपाशी होते. बाहेर तटावर वारा असा की बोलणं उडून जावं. हा किल्ला कलोडननंतर हायलँडर्सना दाबून ठेवायला बांधला, आणि पुढं त्यांच्याच पोरांची पलटण इथं राहायला आली, हे तुम्ही सांगितलंत. अण्णांनी बोटांवर हिशेब केला: १७४६ ते १८०३, सत्तावन्न वर्षं. “म्हणजे इथं मेलेल्यांची नातवंडं आमच्याकडं मरायला पाठवली,” ते म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, “आणि मारायला.” मी ते भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही.

हॉटेलात वाकून नमस्कार करणारे पुष्कळ भेटतात. अण्णांना काय बघायचंय ते मी, त्यांची लेक, विचारायची राहून गेले होते. तुम्ही विचारलंत, पहाटे साडेतीनला, आणि मग पळवाट न काढता ऐकत बसलात. त्याबद्दल आभार. कोटाबद्दल, पेट्रोलबद्दल, न घेतलेल्या पैशांबद्दलही. लापशीत साखरेऐवजी मीठ घालायला तुम्हीच त्यांना शिकवलंत. आता घरी तेच चाललंय, आई वैतागली आहे.

सोबत अण्णांनी पाठवलेला फोटो जोडते. नदी केळणा, जागा पिंपळगावचा उतार. मागं दिसते ती म्हैस शेजाऱ्यांची. अण्णा म्हणतात, दिवाळीनंतर पाणी उतरतं, तेव्हा या, चालतच पलीकडं जाऊ. गुडघ्याचं काय ते बघू म्हणतात. दोन बश्या काढून ठेवल्यात.

तुमची,
अण्णांची लेक